वैतीभाऊ कार्डांचे वाटे लावतात

वैतीभाऊ कॉम्प्युटरचं कार्ड विकत घेण्याआधी त्याचा वास घ्यायचे. अगदी नाकाला लावून, डोळे मिटून. मग कार्ड उलटं करायचे, माशाचा कल्ला उचलून बघावा तसं त्याच्या पंख्याखाली बोट घालून आत डोकवायचे, मधल्या मोठ्या काळ्या चिपवर अंगठा दाबायचे आणि कार्ड परत ठेवत म्हणायचे, "शिळं हाय."

"भाऊ, लोखंड-प्लास्टिकचा माल शिळा कसा होईल?" असं कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "एकदा तापून जळलेलं कार्ड वासाला लागतं. धुऊन-पुसून दे, तरी लागतं. माझी आयस चाळीस वर्षं ठाण्याच्या बाजारात टोपली घेऊन बसली. मना शिकवू नको."

आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खरं निघायचं. शिळं म्हटलेलं कार्ड मशीनमध्ये घातलं की पडदा हिरवा व्हायचा, नाहीतर उजळायचाच नाही.

मी त्या ऑफिसात कशी आले ते आधी सांगते. परभणीकडचं आमचं गाव. नववीत शाळा सुटली, ती पुन्हा धरली नाही. चार वर्षं घरी काढली आणि मग मावशीनं डोंबिवलीला आणलं. तिच्या ओळखीनं एमआयडीसीतल्या एका ड्रॉइंग ऑफिसात लागले. कारखान्यांना लागणाऱ्या पंपांची, टाक्यांची, पाइपांची ड्रॉइंगं तिथं व्हायची, आणि त्या ड्रॉइंगच्या निळ्या प्रती काढणारं अमोनियाचं मशीन माझ्याकडे होतं. दिवसभर त्याचा उग्र वास. डोळ्यांतून पाणी. पण पगार पहिल्या तारखेला हातात पडायचा आणि कुणी आवाज चढवून बोलायचं नाही, त्यामुळे मला ते ऑफिस देवळासारखं वाटायचं. रोज सकाळी जिना चढताना मी मनातल्या मनात हात जोडायची आणि जोडता जोडताच घाबरायची, की आज काढून तर टाकणार नाहीत ना.

वैतीभाऊ तिथले सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. वय पन्नाशीचं, ठाण्याच्या कोळीवाड्यात एकटेच राहायचे. उंच, काळेसावळे, खिशाला चार पेनं. साहेबांशी बोलताना छापील मराठी बोलायचे. कार्ड हातात आलं की मात्र घरची बोली बाहेर यायची आणि होडीची होरी व्हायची.

तर कार्ड म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. कॉम्प्युटरच्या पेटीत एक हिरवी पाटी असते. पडद्यावर दिसणारं चित्र ती काढते. पाटी चांगली असली तर ड्रॉइंग फिरवलं की फटकन फिरतं. वाईट असली तर एकेक रेघ उमटत राहते आणि माणूस चहा पिऊन येतो. परदेशातल्या कंपन्यांत मोठमोठी मशीनं असायची, वर्कस्टेशन म्हणायचे त्यांना. त्यातली कार्डं तीन-चार वर्षांत जुनी ठरून इकडे भंगारात यायची. नवी असताना त्यांची किंमत स्कूटरएवढी. भंगारात मिक्सरएवढी.

"फक्त कुठलं निवडायचं ते कळायला पाहिजे," वैतीभाऊ म्हणायचे. "तिथंच लोक मार खातात."

त्या वर्षी गणपती झाले आणि देवधर साहेबांनी आम्हाला बोलावलं. देवधर साहेब मालक. शांत, नीटनेटके, पुण्याकडचे. ते म्हणाले, "दिवाळीनंतर प्लॉटर येतो आहे. तो थेट कागदावर ड्रॉइंग काढेल. अमोनियाचं मशीन तेव्हा बंद होईल."

मी वैतीभाऊंकडे पाहिलं.

"सुनंदा हुशार आहे," वैतीभाऊ लगेच म्हणाले. "तिसरं मशीन उभं करू. हिला त्याच्यावर बसवू. मी शिकवतो."

साहेबांनी चष्मा पुसला. "पेटी जुनी आहे आपल्याकडे. मॉनिटरही आहे. कार्ड नाही. तीन हजारांच्या वर मी एक पैसा देणार नाही, आणि दिवाळीच्या आत मशीन चालू झालं पाहिजे. झालं तर उत्तम. नाही तर मग..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी ते पुढचे दीड महिने रोज वेगवेगळ्या तऱ्हेनं पुरं करत होते.

वैतीभाऊंनी शोध सुरू केला. शनिवारी अर्धा दिवस असायचा. ते कधी शहाडला, कधी उल्हासनगरला, कधी शीळफाट्याच्या गोडाऊनला जायचे आणि सोमवारी पिशवीतून कार्डं काढायचे. विकत घेतलेली नव्हे. पसंत पडलं तर ठेवीन, नाहीतर परत, अशा बोलीवर आणलेली. मग माझ्या टेबलावरचे निळे कागद बाजूला सारून ते त्यांचे वाटे लावायचे.

वाटा म्हणजे मासळीबाजारातला ढीग. प्रत्येक ढिगाची किंमत सारखी, आतला माल वेगळा. भाऊ तीन वाटे लावायचे, प्रत्येक तीन हजारांचा. एका वाट्यात एकच लांबलचक कार्ड. दुसऱ्यात एक मध्यम कार्ड आणि सोबत एक माउस. तिसऱ्यात दोन बारीक कार्डं, मेमरीच्या चार चिपा, एक केबल आणि वर लावायला एक चकचकीत डबी.

"बोल गो सुनंदा, कुठला वाटा उचलशील?"

मी दर वेळी तिसरा दाखवायची. भरपूर दिसायचा.

"फसली!" ते टाळी वाजवायचे. "वरचा बांगडा बघून वाटा उचलला. खाली बग, सगळी बारीकसारीक कचकी. आणि ह्या चिपा बघून तर अजिबात भुलू नको. ही गाभोळी, माशाची अंडी. गाभोळी बघून गिऱ्हाईक जास्ती पैसे देतं आणि घरी गेल्यावर कळतं की मासा बेचव हाय. आधी मासा बघ, मग गाभोळी."

प्रत्येक कार्डाला त्यांनी माशाचं नावही ठेवलेलं. हातभर लांब होतं ते वाम. रुंद आणि चपटं ते पाखट. एक होतं ते पहिली दहा मिनिटं भन्नाट पळायचं आणि तापलं की पडद्यावर ठिपके सोडायचं. त्याचं नाव बोंबील. "ताजा हाय तोवर ताजा," भाऊ म्हणायचे.

खरी परीक्षा मात्र होडीची असायची. भाऊंनी कॉम्प्युटरवर एक होडी काढलेली. साधी मासेमारीची, वल्ह्याची. कार्ड मशीनमध्ये बसवलं की ती उघडायची आणि अर्धी गोल फिरवायची. किती वेळ लागतो ते मोजायला ऑफिसात भिंतीवर घड्याळ होतं, दुसऱ्या ड्राफ्ट्समनच्या, मिलिंदच्या हातात सेकंद दाखवणारं घड्याळ होतं. भाऊंना दोन्ही चालायची नाहीत. ते मासे मोजायचे.

"पापलेट, सुरमई, रावस, हलवा, घोळ, दाढा, जिताडा, बांगडा..." एका सुरात, एका लयीत. एका माशाला एक सेकंद. आई टोपली भरताना म्हणायची त्या क्रमानं, एकूण बत्तीस. पाखट कार्ड सव्विसाव्या माशाला पोचलं. वाम एकोणिसाव्याला. एक कार्ड असं निघालं की बत्तीस मासे संपले, भाऊंनी पुन्हा पापलेटपासून सुरुवात केली, तरी होडी वळतेच आहे.

"ह्याला समुद्रात सोडून दे," भाऊ म्हणाले.

मिलिंद आमच्यातला तरुण, कल्याणचा. कॉलेज झालेला, कॉम्प्युटरवर हात बसलेला. त्याला हे बघवायचं नाही. एक दिवस त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "भाऊ, टेन्शन कशाला घेता? होडी बघा, सगळी झटकन येते. फक्त इथं, पुढच्या टोकाला अडकते. प्रत्येक कार्ड इथंच मरतं. काहीतरी कचरा राहिलाय तिथं, हजारभर फालतू रेघा. मी डिलीट मारतो, कुठलंही कार्ड उडेल बघा."

त्याचा हात कीबोर्डकडे गेला आणि भाऊंनी तो मनगटात धरला.

"हात लावायचा नाही."

"अहो, पण कचरा..."

"कचरा तुझ्या टकुऱ्यात हाय!"

वैतीभाऊंना ओरडताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. नंतर दोन दिवस त्यांनी चहा भिंतीकडे तोंड करून प्यायला. मिलिंद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "खिसकलेत. पोराबाळांसारखी जपतात ती बोट."

मला हसू आलं नाही. दसरा होऊन गेलेला. प्रत्येक सोमवारी वाटे लागत होते, मासे मोजले जात होते आणि कार्डं परत जात होती. साहेबही एकदा दारात उभे राहून म्हणाले, "वैती, आपण कार्ड घेतो आहोत, स्थळ पाहत नाही आहोत. एखादं पसंत करा की."

शेवटी मीच धीर केला. जेवणाच्या सुट्टीत भाऊंच्या टेबलापाशी गेले. घरी आईला पत्रात लिहिलेलं की मी आता कॉम्प्युटरवर बसणार. ती गावभर सांगून मोकळी झाली असणार. मी म्हटलं, "भाऊ, कुठलंही घ्या हो. ते एकोणीस माशांचं घ्या. मला चालंल."

भाऊंनी डब्याचं झाकण लावलं.

"बस," ते म्हणाले. "कुठलंही घेतलं तर काय होईल सांगतो. तू एक रेघ मारशील आणि पडद्याकडे बघत बसशील. दुसरी मारशील, परत बघत बसशील. मिलिंदची चार ड्रॉइंगं होतील, तुझं एक. महिन्यानं साहेब म्हणेल, पोरगी स्लो आहे. कार्ड स्लो आहे असं कोणी म्हणत नाय गो. माणसालाच म्हणतात."

माझ्याबद्दल एवढा पुढचा विचार आजवर कुणी केलेला नव्हता. मीसुद्धा नाही. मी आपली काढून टाकतील की ठेवतील एवढ्यावरच अडकलेली.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. भाऊ म्हणाले, "आज तू चल. तुझं कार्ड, तुझा वास."

शीळफाट्याला अस्लमभाईंचं गोडाऊन होतं. पत्र्याच्या शेडमध्ये मॉनिटर, प्रिंटर, पंखे, फोनचे डबडे, सगळं डोंगरासारखं रचलेलं. भाऊ त्या डोंगरात शिरले. मी बाहेर पाटावर बसून राहिले. तासाभरानं ते हातात एक कार्ड घेऊन आले. त्याच्यावर धुळीचा थर इतका की रंग कळेना. हातभर लांब, जड, आणि त्याला रबरानं एक फ्लॉपी बांधलेली.

"फ्लॉपीसकट," भाऊ कुजबुजले. जुन्या कार्डाची फ्लॉपी हरवली की कार्ड मुकं. ते चालवायचं कसं हे त्या फ्लॉपीतच असतं.

त्यांनी कार्ड माझ्या नाकापाशी आणलं. माझं नाक अमोनियानं कधीच मेलेलं, तरी मी डोळे मिटून जोरात श्वास घेतला आणि मला सणसणीत शिंक आली.

"ताजं हाय," भाऊ म्हणाले.

मग भाव सुरू झाला. अस्लमभाईंनी साडेचार हजार सांगितले. भाऊंनी कार्ड उलटंपालटं केलं. "हे बघ, इकडे दबलंय. कल का माल है."

"वैतीभाऊ, मैं भंगार बेचता हूँ, मच्छी नहीं."

"वासावरून तर मच्छीच वाटते. गाभोळी पण काढून घेतलीय तुम्ही, मेमरीची जागा रिकामी है."

"वो पहले से खाली थी, कसम से!"

साडेतीनवर गाडी अडली. भाऊंनी तीन हजार समोर ठेवले आणि म्हणाले, "वर दोन शेर सुके बोंबील. आणि अर्धा शेर सोडे. माझ्या बहिणीने वाळवलेले."

अस्लमभाई हसले. हसता हसता म्हणाले, "पाँच साल से ऐसाच कार्ड ढूँढ रहे थे ना, अपने घर के मशीन के लिए? आखिर मिल गया. ले जाओ."

रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "भाऊ, हे तुमच्यासाठी होतं?"

"गप गो."

"घरी मशीन आहे तुमच्याकडं?"

"अर्धं हाय. आईच्या लुगड्याखाली झाकून ठेवलंय. पेटी हाय, पडदा हाय. कार्ड नाय." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "आमच्याकडे लाईट तरी कुठे धड असते. आणि मी घरी एकटा कुणाला दाखवणार? ऑफिसात असलेलं बरं."

सोमवारी भाऊंनी कार्ड खोडरबरानं घासून घासून सोन्यासारखं केलं, मशीनमध्ये बसवलं, फ्लॉपी घातली. सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमलं. साहेबसुद्धा केबिनमधून आले. होडी उघडली. भाऊंनी घसा साफ केला, हात वर केला, आणि बटण दाबत म्हणाले, "पापलेट..."

होडी वळून उभी होती.

पुढचं टोकसुद्धा. भाऊंचा हात वरच राहिला आणि तोंड सुरमईच्या आकारात उघडं.

"भाऊ," मिलिंद म्हणाला, "एकतीस मासे उरले. पार्टी!"

ऑफिस हसून हसून लोळलं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "उद्यापासून बसा." मला कुणी 'बसा' म्हणण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

प्लॉटर आला, अमोनियाचं मशीन जिन्यावरून खाली गेलं. मी त्याला हळद-कुंकू वाहिलं, मिलिंद चिडवत राहिला. भाऊंनी मला शिकवायला घेतलं. रेघ, गोल, कोन, माप. चुकलं की म्हणायचे, "जाळं फाटलं, पुन्हा विण." दिवाळीनंतरच्या महिन्यात मी पहिला पाइप काढला आणि त्याची प्रत आईला पत्रातून पाठवली. तिनं ती देवघरात लावली असं भावानं कळवलं. पाइपाला हार घातलेला.

झूम करणं मला जमत नव्हतं. म्हणजे चित्राच्या एखाद्या तुकड्याजवळ जाणं. मी हरवायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं, तेव्हा सरावासाठी होडी उघडली. कार्ड चांगलं होतं, कितीही आत जा, थांबत नव्हतं. फळ्या आल्या, खिळे आले. एकेक खिळा गोल. मी पुढच्या टोकाकडे गेले, मिलिंदच्या त्या कचऱ्याकडे. लांबून तो काळपट ठिपका होता. जवळ गेल्यावर त्याच्या रेघा सुट्या झाल्या. वाकड्या, एकमेकींना खेटून चाललेल्या, वारुळासारख्या. मी थोडी मागे आले.

तो एक हात होता.

पूर्ण पंजा. बोटं पसरलेली, तळहाताच्या रेषा, बोटांच्या टोकांवरची चक्रं, सगळं.

मागे डब्याचा आवाज झाला. भाऊ उभे होते. मी दचकून बंद करायला गेले.

"राहू दे," ते म्हणाले.

खुर्ची ओढून बसले. आपण होऊन बोलायला लागले. "बापसाचा हाय. पावसाळ्याआधी होरीला डांबर लावताना फळीवर हात टेकला त्याचा. मी सहा वर्षांचा. मी हसलो म्हणून त्याने तो पुसलाच नाय. पुढे खाडीतली मासळी गेली, होरी मोडली. ती एक फळी तेवढी मी घरी आणली. फोटो नव्हता ना त्याचा, एकपण."

"मग?"

"मग वाळवी लागली फळीला. तेव्हा ट्रेसिंग पेपर लावून रेघ न् रेघ उतरवली आणि इथं आणून रोज सुट्टीत थोडी थोडी कॉम्प्युटरमध्ये भरली. तीन वर्षं लागली. फळीचा आता भुगा झालाय. जो हाय तो इथं हाय."

मला मिलिंदचा कीबोर्डकडे गेलेला हात आठवला.

भाऊ पडद्याकडे बघत होते. "आतापर्यंतच्या कार्डावर इतक्या जवळ जायला अर्धा तास लागायचा. आणि बघता बघता मशीन बंद पडायचं. खऱ्या मापाला येईल काय गो?"

नववीत गणितानं मला रडवलेलं. पण मी टेबलावरची पट्टी घेतली, काचेवर धरली, झूमचा आकडा घातला, परत पट्टी धरली, परत आकडा घातला. चौथ्या खेपेला पट्टीवरचं माप आणि ड्रॉइंगमधलं माप एक झालं.

"आलं भाऊ. खऱ्या मापाला आलं."

त्यांनी आधी हात रुमालाला पुसला. मग हळूच पडद्याच्या काचेवर ठेवला, बोटावर बोट. काच चरचरली, त्यांच्या मनगटावरचे केस उभे राहिले.

"करंगळी त्याची आखूड होती," ते म्हणाले. "विसरलेलो मी."

हात त्यांनी काढला नाही. मला काय करावं सुचेना, उठावं की बसावं. म्हणून मी मनातल्या मनात मोजायला लागले. पापलेट, सुरमई, रावस, हलवा. बत्तीस मासे संपले. भाऊंचा हात तिथंच होता. मी पुन्हा पापलेटपासून सुरुवात केली.